जागा धरण्याचे दिवस

तळ्याखालच्या बांध्यांत, धानाच्या शेतांत, आज सकाळी हार्वेस्टर उतरला. मी गच्चीवर पांघरुणं उन्हात टाकायला गेले होते. भारी धान पिवळं पडलं की मी हे काम काढते आणि पांघरुणं तापेपर्यंत कडेला खुर्ची टाकून बसते. पूर्वी या दिवसांत इथून कापणीच्या बायका दिसायच्या, एका ओळीत वाकलेल्या, आणि त्यांचं बोलणं तुकड्यातुकड्यांनी वर यायचं. आता मशीनची घरघर येते आणि मागे धूळ उरते. धूळ खाली बसली की मात्र ओल्या तणसाचा वास तोच. तणस म्हणजे धानाचा पेंढा. हा शब्द तुमच्या बाबाने तुम्हाला शिकवला नसेल.

तो वास आला की मला काहीतरी व्हायला हवं, असं मला वाटतं. काही होत नाही. मी पांघरूण उलटते आणि दुसऱ्या बाजूला ऊन देते.

इरा, निहाल, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. निहालने परवा फोनवर विचारलं, "आजी, आबाजींचा तो डावरा कसा खेळायचा? बाबा म्हणतो, मी त्याच्यासारखा उभा राहतो." मी म्हटलं, सांगते. मग फोनवर सांगता येईना, म्हणून लिहायला बसले. तुमच्याकडे मेलबर्नला आता उन्हाळा लागेल आणि खेळाचा हंगाम सुरू होईल. आमच्याकडे सकाळी तळ्यावर धुकं यायला लागलं आहे. तुमची आई हे मोठ्याने वाचून दाखवील. एखादा शब्द अडला तर तिला थांबवा, तिला घाई असते.

त्याचं खरं नाव तुम्हाला ठाऊक आहे. मी ते इथे लिहीत नाही, कारण आमच्या घरात ते घेत नसत. तो खेळत असताना नाव घेतलं की बाद होतो, असं एकदा ठरलं, आणि तो इतकी वर्षं खेळत राहिला की नाव घ्यायला फुरसत मिळाली नाही. तो डावखुरा, म्हणून तुमचे आजोबा, आबाजी, त्याला डावरा म्हणत, म्हणून सगळे डावरा म्हणत.

तो पहिल्यांदा दिसला तेव्हा आमच्याकडे टीव्ही नवा होता आणि गच्चीवरचा अँटेना वाऱ्याने फिरायचा. पडद्यावर मुंग्या यायच्या. त्या मुंग्यांतून एक मुलगा मैदानात चालत आला. हेल्मेट त्याला मोठं होत होतं. समोरचा गोलंदाज फार जोरात टाकणारा होता. पहिलाच चेंडू मुलाच्या छातीवर लागला. तो छाती चोळत जरा बाजूला गेला, परत येऊन उभा राहिला आणि पुढच्या चेंडूला त्याने पाय पुढे काढला.

"पोट्टा भेला नाही," आबाजी म्हणाले. "डावरा आहे, पण पाय कसा काढते पाह्य."

आबाजी तेव्हा नुकतेच बांधीतून आले होते. चिखलाच्या पायांनी पुसलेल्या फरशीवर यायचं नाही, असा या घरात नियम आहे, त्यामुळे ते दाराशी लोखंडी खुर्चीवर बसले, सगळ्यांच्या मागे. पुढे दिवाणावर त्यांचा धाकटा भाऊ दिवाकर. खाली विळीपाशी दिवाकरची बायको पुष्पा, वांगी चिरत. खिडकीशी मी, शाळेचे पेपर तपासत, हातात लाल पेन. आणि टीव्हीच्या अगदी पायथ्याशी नामदेवभाऊ. नामदेवभाऊ म्हणजे शेजारच्या बांधीवाले, आबाजींचे लहानपणापासूनचे सोबती. अँटेनाची वायर हातात धरली तरच चित्र स्थिर राहायचं, आणि ती धरायचं काम त्यांच्याकडे होतं. मान वर करून, आम्हा सगळ्यांकडे पाठ करून ते उकिडवे बसायचे.

पुढच्याच सामन्यात त्या मुलाने शतक केलं. तेव्हाही आम्ही नेमके याच जागांवर होतो. पुष्पाच्या पायाला मुंग्या आल्या म्हणून ती मधेच उठायला लागली, तर नामदेवभाऊ मागे न बघता म्हणाले, "वैनी, हालू नका. हालाल तं थो जाईल." ती बसून राहिली. शतक झालं. तिथून ते सुरू झालं.

आमच्या घरात त्याला 'जागा धरणं' म्हणत. डावऱ्याचे पन्नास झाले की आबाजी मागून म्हणायचे, "जागा धरा." मग तो बाद होईपर्यंत किंवा शतक होईपर्यंत उठायचं नाही, मागे वळायचं नाही, पाणी मागायचं नाही. बोलायला मनाई होती, पण ती आबाजींना लागू नव्हती. पंचांनी चूक केली की त्यांच्याने राहवत नसे. "आंधळा आहेस काय बे," असं ते दारातून ओरडायचे आणि आवाज तळ्यापलीकडे जायचा. पुष्पा म्हणायची, "भाऊजी, थो अंपायर विलायतेत उभा आहे, त्याले कुठचं ऐकू येते." ते म्हणायचे, "येते. नाही कसा येत."

आम्ही न हलल्यामुळे तो टिकतो, असं आम्हाला खरंच वाटत होतं का, हे तुम्ही विचाराल. इरा तर नक्कीच विचारील. वाटण्याचा प्रश्न नव्हता. देवळात शिरताना आपण चपला काढतो, तेव्हा काय वाटतं म्हणून काढत नाही. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, शाळेत मुलांना कारण आणि परिणाम शिकवणारी. मीही पेनाचं टोपण हातात धरून तशीच बसायचे. पुढे छतावर डिश आली, वायरीची गरज उरली नाही. तरीही नामदेवभाऊंचा हात टीव्हीच्या टेबलाच्या पायावर असायचा.

मला क्रिकेट फारसं कळत नव्हतं. पण तो चेंडू ज्या तऱ्हेने दोन क्षेत्ररक्षकांच्या मधून काढायचा, ते मला नीट जमलेल्या वाक्यासारखं वाटायचं. एकही शब्द जास्त नाही. फटका मारल्यावर तो चेंडूकडे पाहायचा नाही. आधी समोरच्या फलंदाजाकडे पाहायचा, पळायचं की नाही ते ठरवायचा. मला ते आवडायचं. आपलं काम झाल्यावर त्याच्याकडे कौतुकाने पाहत न बसणारी माणसं मला आवडतात.

वर्षं अशी गेली की आमच्या घरातल्या गोष्टी त्याच्या खेळावरून आठवतात. त्याने पाकिस्तानात सामना वाचवला तेव्हा तुमचा बाबा नागपूरला इंजिनियरिंगला गेला. तुमच्या देशातले सामने भल्या पहाटे लागायचे. अंगणात शेकोटी पेटवलेली, आबाजी घोंगडी घेऊन आत-बाहेर करायचे, आणि पडद्यावर ऊन इतकं असायचं की पाहणाऱ्यालाच गरम व्हावं. तो तिथे दिवसभर खेळला. आमच्याकडे कोंबडे आरवले, गाई सुटल्या, धानाची पोती घेऊन बैलबंड्या सिहोऱ्याकडे गेल्या, आणि तो खेळतच होता. इरा, तुझा जन्म झाल्याचा फोन आला तेव्हा तो नाबाद होता. आबाजींनी बसल्या जागेवरून फोन घेतला, ऐकला, आणि म्हणाले, "पोरगी झाली. कोणी उठू नका." मग खुर्चीतच डोळे पुसले.

एक वाईट काळही आला. खांद्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्याला हात वर नेता येईना. पेपरांत रोज लिहून यायचं की याने आता थांबावं. नामदेवभाऊही वैतागले.

"खांदा गेल्यावर बैल कोण ठेवते, भाऊ? याले काहून ठेवला?"

"तू आपला बैल विकला काय?" आबाजींनी विचारलं.

"कुठी विकलो. खाऊन राहिला बसून."

"मंग हाही खाईल."

तो बसून राहिला नाही. त्याने उभं राहायची पद्धत बदलली, बॅट थोडी खाली धरायला लागला. वर खेळायचे फटके त्याने सोडूनच दिले. वय झालेल्या माणसाने घरातल्या काही खोल्या बंद करून उरलेल्या वापराव्यात, तसा तो खेळायचा. आणि धावा मात्र साठत गेल्या, पूर्वीपेक्षा हळू, पण साठत गेल्या. मग एका कार्तिकात सगळे म्हणायला लागले की आंतरराष्ट्रीय सामन्यांत जगात कोणी केल्या नसतील इतक्या धावांपाशी हा आता आला.

त्या वर्षीचा कार्तिक फार नीट आठवतो, आणि आठवताना मला काहीच वाटत नाही. पाऊस वेळेवर गेला होता. धान चांगलं होतं. भाऊबीज झाली होती आणि गावोगावच्या मंडया सुरू होत्या. मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा. दिवसभर दंडारीच्या नाचाचा ढोल वाजायचा आणि संध्याकाळी मुलं हातात फुगे घेऊन घरी यायची. लवकर येणारं हलकं धान कापून झालं होतं, उशिरा येणारं भारी धान कापायचं होतं. ज्या दिवशी तो विक्रम होणार असं सगळे म्हणत होते, त्या दिवशी गावातल्या पुरुषांनी कापणीला सुट्टी दिली. बायका गेल्या. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

आबाजी सकाळी लवकर बांधीवर जाऊन आले. पाय धुऊन घरात आले तरी सवयीने दाराशीच बसले. जेवताना दिवाकर त्यांना म्हणाला, "भाऊ, आज अंपायरले काही म्हणू नका. रेकॉर्डचा दिवस आहे. मोठ्यानं बोललं तं नजर लागते."

"पाहू," आबाजी म्हणाले.

"पाहू नाही, वचन द्या."

"अबे, मी बोलतो तं माह्या घरात बोलतो." पण ते हसत होते.

जेवणानंतर खेळ सुरू झाला. दुपार चढली होती, दारातून त्यांच्या पायांवर उन्हाचा पट्टा आला होता. डावऱ्याचे पन्नास झाले. मागून आवाज आला, "जागा धरा." पुष्पाने विळी आडवी केली. मी पेनाला टोपण लावलं.

पुढे बराच वेळ काही झालं नाही. तो फार सावकाश खेळत होता. मैदानात इतकी माणसं होती आणि आवाज नव्हता. आमच्याही खोलीत फक्त पंखा. रस्त्यावरून एक सायकल गेली. त्यात पन्नासानंतर लवकरच एकदा चेंडू त्याच्या पॅडवर बसला आणि सगळ्या खेळाडूंनी हात वर केले, जोरात अपील केलं. पंचांनी मान हलवली, नाही म्हणाले. पुष्पाने डोळे मिटले होते ते उघडले. दिवाकर पडद्यावरची नजर न काढता कुजबुजला, "भाऊनं आज ऐकलं बरं माह्यं." नामदेवभाऊंची पाठ जराशी हसली. मलाही बरं वाटलं होतं.

मग बऱ्याच वेळाने ती धाव झाली. साधी एकेरी धाव, पायाकडे ढकललेली. तो पलीकडे पोचला, हेल्मेट काढलं. केस पातळ झाले होते. चौकात फटाके वाजले. नामदेवभाऊ उठले आणि बधिर झालेल्या पायांवर नाचताना दिवाकरवर पडले. पुष्पा हसत मागे वळली आणि म्हणाली, "पाहा ना, भाऊजी अजून जागा धरून आहेत."

आम्ही सगळे वळलो. ते खुर्चीवर ताठ बसले होते. डोळे पडद्यावर होते. उजवा हात खुर्चीच्या बाहेर लोंबत होता.

"उठा जी आता, सोडली जागा," पुष्पा म्हणाली. मग तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

जीप मिळाली. चौकातून निघायला वेळ लागला, कारण रस्त्यावर गुलाल चालला होता. कोणीतरी खिडकीतून माझ्या हातात पेढा ठेवला. तो माझ्या मुठीत तुमसरपर्यंत होता, तिथून भंडाऱ्यापर्यंतही होता. दवाखान्यात कागदांवर सही करायची वेळ आली तेव्हा मी तो हातात पाहिला आणि बेसिनपाशी जाऊन हात धुतला.

तिथले डॉक्टर तरुण होते, बोलायला नीट. त्यांनी सांगितलं, मेंदूत रक्ताची गाठ अडकली आहे. मग विचारलं, "कधीपासून आहे हे? एक इंजेक्शन असतं, पण ते सुरुवातीच्या काही तासांतच देता येतं. शेवटचं नीट कधी बोलले?"

कोणी घड्याळ पाहिलं नव्हतं.

"पन्नास झाले तेव्हा बोलले, जागा धरा म्हणून," दिवाकर म्हणाला.

काय म्हणतो आहे ते डॉक्टरांना कळलं. तेही सामना ऐकत होते. "पन्नास झाले तेव्हा," ते म्हणाले. "आणि त्यानंतर?"

"नंतर काही नाही. कोणी बोलत नाही नंतर."

"कोणी पाहिलंही नाही यांच्याकडे?"

"मागं पाहत नाहीत ना, सायब," नामदेवभाऊ म्हणाले. त्यांना ते समजावून सांगायचं होतं. ते पुढे काही सांगणार, तोच पुष्पाने त्यांचा सदरा ओढला.

दिवाकरने अंदाज बांधला, शेवटी शेवटी झालं असेल. आम्हीही हो म्हणालो. अलीकडचं सांगितलं तर बरं, असं प्रत्येकाला वाटत होतं. डॉक्टरांनी तपासण्या पाहिल्या आणि म्हणाले, जास्त वेळ झालेला दिसतो आहे, इंजेक्शनचा धोका घेता येणार नाही. ते रागावले नाहीत.

आबाजी वाचले. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. धान घरी आलं ते कोणी कापलं, भारे कोणी बांधले, भाऱ्यांचे पुंजणे कुठे रचले, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. मी परत आले तेव्हा अंगणात पोती होती. पुष्पाने नव्या तांदळाचा भात केला, तो चिन्नोर होता, त्याचा वास गल्लीत जातो. मी तो मऊ कालवून आबाजींना चमच्याने भरवला आणि मला वास आला नाही. सर्दी झाली असेल, असं मी समजले. सर्दी नव्हती.

त्या हिवाळ्यात माझ्या दिवसाला वेळापत्रक होतं आणि मला त्याचा फार आधार होता. सकाळी गोळ्या, मग अंग पुसणं, मग उजव्या हाताचा व्यायाम. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने त्यांना दाबायला मऊ रबरी चेंडू दिला होता. बोटं मिटत नसत, चेंडू घरंगळत कॉटखाली जायचा, मी वाकून काढायचे. तुम्ही व्हिडिओवर दिसायचात तेव्हा निहाल बॅट कॅमेऱ्यासमोर धरायचा आणि आबाजी डावा हात वर करायचे. तुम्हाला वाटायचं ते टाटा करताहेत. मलाही तसंच वाटायचं.

भेटायला येणारे दारातूनच विचारायचे, "बोलते काय थोडंफार?" नामदेवभाऊ रोज दुपारी यायचे आणि खाटेपाशी बसून त्यांना सामन्याच्या गोष्टी सांगायचे, कोणता फटका कुठे गेला. आबाजी ऐकत, आणि मधेच त्यांचा चेहरा लाल व्हायचा. ओठ हलायचे, गळ्यातून हवा यायची, शब्द यायचा नाही. काहीतरी सांगायचं होतं त्यांना. ते इतकं स्पष्ट दिसायचं की नामदेवभाऊ पायाच्या अंगठ्याकडे पाहत बसायचे.

माझ्या मनात एकच प्रश्न होता. त्या दुपारी, आम्ही सगळे पाठ करून बसलो असताना, हे आम्हाला हाक मारत होते का? त्यांना कळत होतं का? कळत असेल तर ते किती वेळ आमच्या पाठींकडे पाहत होते? हा प्रश्न मी दिवाकरला विचारला नाही, त्यानेही मला विचारला नाही. पण तो त्या खोलीत जेवायला बसेनासा झाला. लोखंडी खुर्ची पुष्पाने मागच्या पडवीत नेऊन ठेवली. मी ती तिथेच राहू दिली.

डावरा अजून खेळत होता. विक्रमानंतर त्याचं काहीतरी सुटलं होतं. चांगली सुरुवात करायचा आणि साध्या चेंडूवर जायचा. आमच्याकडे टीव्ही लागायचा, पण जागा कोणी धरत नसे. दिवाकर मुद्दाम षटकाच्या मधे उठून पाणी प्यायला जायचा, दार आपटून यायचा. डावरा बाद व्हायचा.

आबाजींचं बोलणं उन्हाळ्यात थोडं थोडं परत आलं. आधी नावं आली, मग "नको", मग "चहा". पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या बायका समोरून जाताना पाहून, त्यांनी "पाणी पुरते काय" असं एक सबंध वाक्य म्हटलं आणि स्वतःच दचकले. दसऱ्यापर्यंत ते छोटी वाक्यं बोलायला लागले होते. दोन शब्दांत अंतर पडायचं. मी वाट पाहायला शिकले. तरीही प्रश्न मी विचारला नाही. उत्तर मिळण्यासारखं झालं तेव्हा मला तो विचारावासा वाटेना.

पुढच्या कार्तिकात डावऱ्याचा शेवटचा सामना झाला. त्याने आधीच जाहीर केलं होतं, त्यामुळे सगळ्या देशाला माहीत होतं. नामदेवभाऊ आणि दिवाकर आत टीव्हीसमोर होते. आबाजी आत जायला नको म्हणाले. आम्ही दोघं बाहेर ओट्यावर बसलो, मी पोपटीच्या शेंगा सोलत होते. समोरच्या खळ्यात धान चुरणं, म्हणजे मळणी, चाललं होतं, मशीनमधून तणस उडत होतं आणि दोन बायका तोंडाला फडकं बांधून ते ओढत होत्या. ऊन चांगलं होतं. आतून टाळ्यांचा आवाज आला, म्हणजे तो मैदानात उतरला असणार. आबाजींनी मान वळवली नाही.

थोड्या वेळाने आत शांत झालं. मग नामदेवभाऊ दारात येऊन उभे राहिले. खांद्यावरच्या दुपट्ट्याने त्यांनी नाक पुसलं.

"गेला, भाऊ," ते म्हणाले. "कॅच दिला. लोकं उभे झाले सारे."

"बरं," आबाजी म्हणाले.

नामदेवभाऊ पायऱ्या उतरून घरी गेले. इतक्या वर्षांत डावऱ्याची खेळी संपल्यावर ते चहा न घेता गेले, असं पहिल्यांदाच झालं.

तेव्हा मी विचारलं. का तेव्हाच विचारलं ते मला सांगता येत नाही. शेंगा संपत आल्या होत्या आणि सोलताना मला त्यांच्याकडे पाहायची गरज नव्हती.

"त्या दिवशी," मी म्हटलं, "रेकॉर्डच्या दिवशी, तुम्हाला आम्हाला काही सांगायचं होतं का?"

त्यांनी डाव्या हाताने एक शेंग उचलली.

"हो," ते म्हणाले.

"काय?"

"थो... आउट होता."

मी शेंग खाली ठेवली.

"पायचीत," ते म्हणाले. शब्द एकेक करून येत होते, पण प्रत्येक नीट येत होता. "सरळ स्टंपासमोर. अंपायरनं... देल्ला नाही."

म्हणजे वर्षभर त्यांचा चेहरा लाल होत होता, निहालच्या बॅटसमोर डावा हात वर जात होता, तो यासाठी. त्या अपिलाच्या वेळी ते शुद्धीत होते, सगळं पाहत होते. मला हायसं वाटायला हवं होतं, आणि एक क्षण वाटलंही. मग मी हिशेब केला. ते अपील पन्नासानंतर लवकरच झालं होतं. पंचाची तसली चूक पाहून जो माणूस जन्मात गप्प बसला नाही, तो गप्प होता. दिवाकरला वचनही दिलेलं नव्हतं, "पाहू" म्हणाले होते. आम्ही डॉक्टरांना जी वेळ सांगितली, त्याच्या खूप आधी झटका आला होता. डॉक्टरांना कळलं होतं, आम्हाला नव्हतं.

"मी ओरडलो," आबाजी म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या दुपारी मागून कसलाच आवाज आला नव्हता. त्यांची नजर खळ्याकडे होती. सकाळी दूध आलं, अशी साधी गोष्ट सांगावी तसं ते सांगत होते.

"हो," मी म्हटलं. "ऐकू आलं."

त्यांनी हळूच मान माझ्याकडे वळवली. डावा डोळा नीट उघडा होता, उजवा अर्धा.

"मंग उठली काहून नाही?"

मशीन चालू होतं. बायका तणस ओढत होत्या. माझ्याकडे या प्रश्नाचं एकच उत्तर होतं आणि ते खरं होतं.

"तो खेळत होता ना," मी म्हटलं.

त्यांनी त्यावर विचार केला. घाई केली नाही. मग त्यांनी मान डोलावली. त्यांना ते पटलं.